टायर मऊ करून मिळतील

माझ्या दुकानाच्या पाटीवर दोनच ओळी आहेत. वर 'रिमोटच्या गाड्यांची दुरुस्ती' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'जुने टायर मऊ करून मिळतील'. खालची ओळ वाचून लोक हसतात. हसू देत. मोठी झालेली माणसं कपाटातून आपली लहानपणची गाडी काढतात, नवी बॅटरी घालतात, फरशीवर ठेवतात, आणि गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते, तेव्हा हीच माणसं पाटीखाली येऊन उभी राहतात. रबर जुनं झालं की त्याचा दगड होतो. नख रुतत नाही, टेबलावर आपटलं तर टकटक वाजतं. असली चाकं जमीन धरत नाहीत.

पद्धत बाबांची. उकळत्या पाण्यात चाक धरायचं, म्हणजे रिमचा गोंद सुटतो आणि टायर सोलून निघतो. तो साबणाने आतबाहेर घासायचा. मग काचेच्या बरणीत थिनर आणि गंधपुरा तेल घालून त्यात बुडवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. थिनर रबरात शिरतो आणि जाताना तेलालाही आत घेऊन जातो. आठवडाभर तरी बरणीकडे फिरकायचं नाही. गंधपुरा म्हणजे सांधेदुखीच्या मलमाचा वास. त्यामुळे नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतं आणि मग गाडी पुढे करतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगून ठेवते. हे रबर कायम मऊ राहत नाही. तेल हळूहळू उडतं आणि काही महिन्यांत निम्मा कडकपणा परत येतो. आजवर त्याला अपवाद झाला नव्हता.

त्या बाई आल्या तेव्हा दुपारचं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं. गोल चेहरा, हातात कापडी पिशवी, आणि चोरून काहीतरी करत असल्याचा आनंद डोळ्यांत मावत नव्हता.

"ताई, हे गुपित आहे हं," त्या म्हणाल्या. "आमच्या मिस्टरांचा वाढदिवस आहे. माळा आवरताना एका पेटीच्या तळाशी ही सापडली. जुन्या शर्टात गुंडाळलेली. लहानपणची असणार. एवढी जपून ठेवलीय, पण कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पुरुषांचं असंच असतं, नाही?"

पिशवीतून निळी गाडी निघाली. उघड्या चाकांची, पुढचा कोपरा फुटलेला. आतली बॅटरी गळून तिच्यावर हिरवट पापुद्रे चढले होते. चारही टायर दगड. तसल्या निळ्या गाड्या एके काळी घरोघरी होत्या. आमच्या बाबांचीही तसलीच होती. त्यामुळे मला काही वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटलं, पण ते दर वेळी वाटतं.

"रिमोट?"

"तोच नाही मिळाला. सगळी पेटी उपसली."

"मग चालणार नाही ती."

"नाही चालली तर नाही. चाकं तेवढी नीट करा. हात लावला की कसंतरीच होतं."

त्या गेल्यावर मी पाणी उकळायला ठेवलं. पहिला टायर पटकन सुटला. टायरच्या आत स्पंजची कडी असते, म्हणजे गाडीच्या वजनाने तो चपटा होत नाही. इतक्या वर्षांनी त्या स्पंजची पूड झालेली असते, म्हणून मी खाली कागद पसरला होता. पूड पडली नाही. आतून हिरवी लोकर निघाली. विणलेली, दोन सुया घालून उलट-सुलट विणलेली, कात्रीने पट्टी कापून नीट गोल बसवलेली.

मी तिथेच स्टुलावर बसले.

आमच्या बाबांना स्पंज आवडायचा नाही. लवकर सडतो म्हणायचे. एका थंडीत त्यांनी आईच्या हिरव्या स्वेटरची डावी बाही कापली आणि चारही चाकांत भरली. आईने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांसमोर ती तो एका बाहीचा स्वेटर आणून दाखवायची आणि म्हणायची, "बघा, या माणसाशी मी संसार केला." बाबा हसायचे. दुसरी बाही शिल्लक आहे ना, म्हणायचे.

लोक संध्याकाळी कुत्रा फिरवतात, आमचे बाबा गाडी फिरवायचे. गाडी पुढे, बाबा मागे, हातात रिमोट. गावाबाहेर वीटभट्टीचं वळण होतं, तिथपर्यंत जायचे. एका संध्याकाळी त्या वळणावर त्यांना कुणाच्या तरी मोटारीने उडवलं. ते सापडले सकाळी. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत होते. आणि पोलिसांनी आम्हाला जे सांगितलं ते मी आजतागायत गिळू शकलेले नाही. विटांच्या भुकटीत सगळं उमटलं होतं. मोटार थांबली होती. एक माणूस उतरला होता. त्याच्या बुटांचे ठसे बाबांपर्यंत आले होते, तिथे थोडे घुटमळले होते, आणि परत मोटारीकडे गेले होते.

रिमोट बाबांच्या मुठीत होता. गाडी तिथे नव्हती.

उडवलं ते एक वेळ समजू शकते. अंधार पडत होता, वळण वाईट होतं. पण तो थांबला होता, उतरला होता, वाकून त्याने बघितलं होतं. आणि तिथून उचलायचं तर काय उचललं, तर खेळणं.

आई वरच्या मजल्यावर राहते. जिना उतरणं तिने सोडलंय. मी लोकर तळहातावर घेऊन वर गेले आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती दोन बोटांत धरून ताणून पाहिली.

"माझी बाही," ती म्हणाली.

"हो."

"कोण आहे तो?"

"अजून माहीत नाही. त्याची बायको आली होती. बाई चांगली आहे, आई."

"असेल," आई म्हणाली. "मीही चांगली होते."

मी हिशेबी बाई आहे. पोलिसांत जायचा विचार मीही केला. पण सांगणार काय? साहेब, लोकरीवरून गुन्हेगार सापडलाय? त्याने 'जुन्या बाजारातून घेतली' म्हटलं की विषय संपला. ज्यांनी ते ठसे पाहिले होते ते अधिकारीही निवृत्त होऊन कुठल्या कुठे गेले. म्हणून मी बाईंना फोन केला. गाडीचं वय कळलं तर काम नीट होईल, असं काहीतरी सांगितलं. बाईंना गप्पा हव्याच होत्या. मिस्टर लग्नाआधी भट्टीपलीकडच्या कॉलनीत राहायचे. पहिली मोटार त्यांनी हौसेने घेतली आणि वर्षाच्या आत मातीमोल भावात विकून टाकली. कारण आजवर सांगितलेलं नाही.

"विषय काढला की अंगावर येतात," बाई हसत म्हणाल्या. "एरवी अगदी गरीब गाय."

मी फोन ठेवला आणि टायर बरणीत बुडवले. प्रमाण चुकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी लाल गाळ बसला होता. मी टायर घासूनच टाकले होते. वाटलं, लोकरीखाली राहिलं असेल काहीतरी. नवीन मिश्रण केलं, बरणीही बदलली. पुढच्या सकाळी गाळ आणखी वाढला होता, चारही टायरांच्या पोटात मावणार नाही इतका. मी तो फडक्यातून गाळला आणि बोटांनी चोळून पाहिला. भाजलेल्या विटांची भुकटी, मध्येच कोळशाची काळी कच. भट्टी कधीच पाडली. त्या वळणावर आता रुंद डांबरी रस्ता आहे आणि समोर पेट्रोल पंप. तसली भुकटी आता कुठे शोधूनही मिळायची नाही.

मी मिश्रण बदलत राहिले आणि ते लाल होत राहिलं. शेवटी मी ती भुकटी फेकून देणं बंद केलं आणि एका डब्यात साठवू लागले.

आठवड्याने टायर काढले. रबर कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की पुरे, हे बाबांचं माप. हे त्याहून मऊ होते. अंगठा दाबला की आत जायचा आणि खालून काहीतरी हळूच वर ढकलायचं. आणि ते कोमट होते. रबर ऊन धरून ठेवतं, असं मी स्वतःला समजावलं. पण मी ते उन्हात ठेवलेच नव्हते. पंख्याखाली ठेवले, लोखंडी कपाटात ठेवले, तरी कोमट. सुकले की कडक व्हायला लागतात, हे रोज थोडे जास्त मऊ होत गेले.

लोकर आईने स्वतः धुतली, सुकवली आणि म्हणाली, "आण इकडे ती चाकं." म्हातारीची बोटं वाकडी झालीत, शर्टाचं बटण लावायला तिला मी लागते. पण चारही टायर तिने भरले, एकही घडी न पाडता.

"नवीन स्पंज आहे माझ्याकडे," मी म्हणाले.

"त्यांनी घातलं होतं तेच जाऊ दे त्याच्याकडे."

"म्हणजे गाडी द्यायची?"

"द्यायची. वाढदिवस आहे ना त्याचा?" तिने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटली नाही, आनंद झाला. "रिमोट मात्र नको देऊस. तो माझ्याकडे राहू दे."

मी टायर गोंदाने बसवले, रबरबँड लावले आणि गाडी स्टँडवर उलटी ठेवली. बॅटरी, मोटर, चाकं वळवणारा भाग, सगळं आधीच काढून टाकलं होतं. आत नुसता सांगाडा होता.

सकाळी जिन्यावर लाल पट्टे दिसले. प्रत्येक पायरीवर दोन, अरुंद, टायरच्या नक्षीसकट, आईच्या दारापर्यंत. गाडी खाली स्टँडवर होती तशीच होती. चाकं स्वच्छ होती. रबरबँडही जागेवर होते.

"रात्री काही ऐकलंस?" मी आईला विचारलं.

"ऐकलं."

"काय होतं?"

"झाडून घे जिना," ती म्हणाली. "बाई येतील गाडी न्यायला, त्यांच्या चपलांना लागेल."

बाई आल्या त्या रंगीत कागद घेऊनच. टायर दाबून त्यांनी डोळे मोठे केले. "अगं बाई, लोण्यासारखे झाले की! कोमटही आहेत."

"आत्ताच काम संपवलं," मी म्हणाले.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण दोन्ही हातांत कागद होता.

"कुठे आहेस?" पलीकडून मिस्टर म्हणाले. आवाज चांगला होता. शांत, घरातल्या माणसाचा. मला वाटत होतं तो आवाज ऐकताच ओळखू येईल, त्यात काहीतरी कुजकं असेल. तसं काही नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. इतकी वर्षं हा माणूस या आवाजात बोलत होता, जेवण झालं का विचारत होता, झोपत होता.

"बाजारात आहे," बाई म्हणाल्या.

टेबलावरच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं हळूच वळली. फोनच्या दिशेने.

"लवकर ये. संध्याकाळी कुठे जायचं नाही, घरीच बसू."

चाकं तशीच राहिली. बाईंनी फोन उचलून पिशवीत टाकला, तशी चाकं पिशवीकडे वळली.

"अय्या, सैल आहेत वाटतं," बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "आता कुठे बरोबर झालीत."

मी स्वतः कागद गुंडाळून दिला. कोपरे नीट दुमडले.

वाढदिवसाच्या दिवशी माझा थिनर संपला होता. घाऊक विक्रेता वळणाच्या पुढे बसतो, म्हणून दुपारी स्कूटर काढली. निघताना आई खिडकीत बसली होती. मांडीवर रिमोट. त्यात कित्येक वर्षांत सेल घातलेले नाहीत. तरी तिने एरियल पूर्ण ओढून बाहेर काढली होती.

पेट्रोल पंपासमोर एक मोठी मोटार कडेला उभी होती. दार उघडं, इंजिन चालू, आत कुणी नाही. आणि रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत, ती निळी गाडी कुशीवर पडली होती.

मी थांबले.

उतरले.

वाकून पाहिलं.

मग स्कूटरवर बसले आणि थिनर न घेताच परत आले.

आई खुर्चीतच झोपली होती. रिमोट हातात होता, अंगठा गाडी वळवायच्या दांडीवर इतका जोरात दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. मला तो सोडवावा लागला. तिची झोप मोडली नाही. पुढे कितीतरी दिवस ती अशीच गाढ झोपत होती.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही, इतक्या त्या उतरल्या होत्या. स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग त्यांनीच सांगितलं. मिस्टरांनी कागद फाडला, गाडी पाहिली आणि विचारलं, "ही कोणी उघडली?" मग गाडी घेऊन तडक बाहेर पडले. वळणावर जाऊन त्यांनी ती रस्त्यावर ठेवली. पंपाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. गाडी ठेवून ते मागे सरकले, मग आणखी मागे, तिच्यावरची नजर न काढता. सरकत सरकत रस्त्याच्या मधोमध. एका ट्रकने त्यांना उडवून कडेला फेकलं. ट्रक थांबला नाही.

"पण ते लगेच गेले नाहीत, ताई," बाई म्हणाल्या. "अंधार पडेपर्यंत होते. हात हलवत होते. दिसतंय त्यात."

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. चित्र धूसर होतं. रस्त्याकडेला माणूस पडलेला. एक मोटार थांबते. कुणीतरी उतरतं, वाकतं, बघतं, परत बसून निघून जातं. मग दुसरी. मग एक टेम्पो. पंपावरचा माणूसही येतो, बघतो, जातो. निळी गाडी आता त्या चित्रात कुठेच नव्हती.

"पोलिसांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना शोधून काढलं," बाई म्हणाल्या. "कुणी कुणाला ओळखत नाही. पण सगळे एकच सांगतात. म्हणे तिथे माणूस नव्हताच. रस्त्यावर खेळण्यातली गाडी पडली होती."

चित्रात स्कूटर थांबली. एक बाई उतरली. हिरव्या काठाची ओढणी. ती माझी होती.

"सगळ्यांत जास्त वेळ तुम्ही वाकून होता," बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना नुसतं ऐकायचं होतं. "तुम्हाला काय दिसलं, ताई?"

"गाडी," मी म्हणाले. "निळी. कुशीवर पडलेली."

ते खरं होतं. बाईंनी मान हलवली, डोळे पुसले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, रस्ता ओलांडताना हात धरला.

एवढंच सांगितलं नाही, की मी वाकले तेव्हा त्या गाडीने माझ्याकडे पाणी मागितलं होतं. आधी नुसतंच, आणि दुसऱ्यांदा 'ताई' म्हणून.